दामासो दबा धरून बसतो

माझ्या नवऱ्याला, दामासो चाब्लेला, एकच काम उत्तम जमतं. ते म्हणजे न हलणं. बाकी कशाला हात लावला की त्या कामाची वाट लागलीच म्हणून समजा. स्वयंपाकघराचं छप्पर शाकारायला घेतलं त्याला तीन वर्षं झाली. मागची बाजू अजून उघडीच आहे, आणि पाऊस आला की मी भाकरीचा तवा घेऊन पुढच्या कोपऱ्यात पळते.

पण तोच माणूस मक्याच्या शेताच्या कडेला, दगडांच्या कड्याआड, जमिनीवर बसला की बघावं. दुपारी तीनला बसला तर अंधार पडेपर्यंत पापणी हलायची नाही. एकदा म्हणे त्याच्या घोट्यावरून साप गेला आणि हा तसाच. सगळं गाव ही गोष्ट कौतुकानं सांगतं. मी मात्र त्या रात्री त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं, की बाबा रे, चावला असता म्हणजे? तर म्हणाला, "हरीण वीस पावलांवर होतं." झालं. पुढे काही नाही.

लग्नाच्या आधीही हेच. मला मागणी घालायची म्हणून हा आमच्या विहिरीपाशी येऊन बसला. तीन दुपारी. एक शब्द नाही, एक हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या बापानं आईला विचारलं, "विहिरीजवळ हा ओंडका कुणी आणून टाकला गं?" मला तेव्हा त्याचं फार हसू आलं होतं. तेच हसू मला महागात पडलं. एकेचाळीस वर्षं झाली, मी बोलते आणि ओंडका बसलेला असतो.

गावातल्या निम्म्या पुरुषांना दबा धरायला त्यानंच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शेजारी बसवून घेतलं आणि कुणी हललं की मनगट दाबलं. आदल्या दिवसापासून अंगाला साबण नाही. कांदा खायचा नाही. वारा तोंडावर आला पाहिजे, पाठीवर नाही. मुंगी चढली तर चढू द्यायची, ती उतरतेही. खाज सुटली तर ती दुसऱ्याच कुणाला तरी सुटली आहे असं समजायचं. हे शेवटचं मला त्याचा मित्र बाचो यानं सांगितलं. बाचो म्हणजे आमच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, शेजारच्याच शेतात राबतो. दामासोनं एवढं लांबलचक वाक्य घरात कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

आता मुख्य दुखणं सांगते. गेल्या सान हुआनच्या सणाला, जून अखेरीस, दामासोनं एक मोठा नर मारला. सगळं घर जेवलं. आमच्याकडे हरणाची हाडं फेकत नाहीत. एकूण एक वेचून पिशवीत भरायची आणि ज्यानं शिकार केली त्यानं ती रानात नेऊन खडकाच्या कपारीत ठेवायची. हरणांचा राखणदार त्या हाडांवर पुन्हा मांस चढवतो आणि जनावर परत पाठवतो. जबडा तेवढा घरात राहतो. आमच्या स्वयंपाकघराच्या वाशाला असे त्रेसष्ट जबडे टांगलेले आहेत. मारले त्यानं, धूळ झाडते मी. तर त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले, आणि संत्र्याच्या झाडाखाली दोन्ही कुत्री हाडं फोडत बसलेली.

हाडं कुत्र्यांच्या तोंडी गेली की राखणदार रुसतो, मग बंदुकीपुढे हरीण येत नाही. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या रात्री भांडी घासायला आमची सून नेल्बा होती. सातवा महिना चालू होता तिचा. कुणी तिला काही बोललं नाही. पण सगळ्यांनी मनातल्या मनात बोट तिच्याकडे केलं, मीही केलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर एक हरीण नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ऑगस्टात नेल्बाला मुलगी झाली, तीही दामासोच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलवू शकली नाही. तो रोज जाऊन बसायचा आणि रोज रिकाम्या हातानं यायचा. जागा बदलली. काडतुसं बदलली. अंगाला धुरी घेतली. आमच्या पूजापाठ करणाऱ्या म्हाताऱ्याकडून बंदुकीवर पाणी शिंपडून आणलं, त्यापायी माझी एक चांगली अंड्यावरची कोंबडी गेली. पण काही नाही. हरणं येतात, शंभर पावलांवर थबकतात, नाकातून फुस्स करतात आणि पांढरी शेपटी दाखवून निघून जातात. "शेपटीच दिसते," तो म्हणायचा. चार महिने मी रोज संध्याकाळी हेच दोन शब्द ऐकले.

मग ऑक्टोबर सरता सरता मेलेल्यांचं जेवण आलं. टेबलावर मेणबत्त्या लावल्या, जमिनीत पुरून भाजलेला मक्याचा मोठा रोट काढला, ज्याच्या त्याच्या आवडीचं ताट मांडलं. माझ्या सासूला हरणाचं मांस आवडायचं, बारीक तोडलेलं, आंबट संत्र्याचा रस पिळलेलं, वर मुळा. मी बिचारीनं तसंच कोंबडीचं केलं होतं. अख्खं घर जमलेलं. मुली, जावई, बाचो, त्याची बायको, आमचा धाकटा, नेल्बाचा नवरा आबेलिनो, कानकूनहून बांधकामाची सुट्टी काढून आलेला. आणि दिवसाला वीस शब्द बोलणारा माझा नवरा नेमका तेव्हा बोलला.

"आईच्या ताटात हरीण नाही," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. "हाडं ज्यांनी कुत्र्यांना घातली, त्यांना विचारा का नाही ते."

आणि नेल्बाकडे बघितलं.

नेल्बानं हातातली वाटी खाली ठेवली, पोरीला शालीत गुंडाळलं आणि देवळामागच्या गल्लीत आपल्या आईकडे निघून गेली. आबेलिनो दोन दिवस तिच्या दाराशी खेटे घालून कामावर परत गेला आणि मला फोन करून म्हणाला, "आई, तू बघ. मला त्या दोघांच्या मधे घालू नकोस." मी बघ! एकेचाळीस वर्षं मीच तर बघतेय.

मी नेल्बाकडे गेले. ती पोरीला झोळीत झोके देत होती. मला बघून उठली, खुर्ची दिली, पाणी दिलं, पण चेहरा दगडाचा.

"हाडं मी घातली नाहीत, आई," ती म्हणाली. सासऱ्याला ती ताता म्हणते. "पिशवी ताताच्या झोपायच्या झोळीच्या खुंटीला होती. मला तिथवर हातसुद्धा वर करता येत नव्हता. मी भांडी घासली आणि आडवी झाले."

"अगं, तो तसाच आहे. तू मनावर घेऊ नकोस."

"मनावर कसं घेऊ नको? सगळ्यांसमोर बोलले ना? मग सगळ्यांसमोरच परत घ्यायचं. नाहीतर रविवारी पोरीला इथेच कडेवर घेऊ. माझ्या आईच्या घरी."

कडेवर घेणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. मुलगी तीन महिन्यांची होईपर्यंत आम्ही तिला आडवीच धरतो. चुलीचे दगड तीन, म्हणून मुलीला तीन महिने. मग तिला पहिल्यांदा पाय फाकवून कडेवर घ्यायचं, टेबलाभोवती फिरवायचं, हातात सुई, पेन्सिल, पाट्यावरचा वरवंटा असं एकेक द्यायचं. माझी चारही मुलं माझ्याच चुलीपाशी कडेवर चढली. ज्या घरात मूल पहिल्यांदा कडेवर बसतं त्या घराचं ते होतं, असं मी तरी मानते. आणि माझी नात, माझ्या आबेलिनोची पहिली मुलगी, परक्या टेबलाभोवती फिरणार होती, का, तर एका म्हाताऱ्याला हरीण मिळत नाही म्हणून.

घरी आले. दामासो दारात बसून कोयत्याला धार लावत होता.

"दामासो, रविवारी पोरगी तीन महिन्यांची होतेय."

काही नाही.

"दामासो! मी भिंतीशी बोलतेय का?"

धार लावणं चालू. मी पुढे जाऊन कोयताच धरला. तेव्हा कुठे मान वर केली.

"जा आणि नेल्बाची समजूत काढ. चूक झाली म्हण."

"आधी हरीण येऊ दे," तो म्हणाला. "राखणदाराचा राग गेला असं दिसू दे. मग बोलतो."

"आणि हरीण आलं नाही तर?"

त्यानं कोयता माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला. यावर पुढे काही बोलण्यात अर्थ नसतो, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

मी बाचोला गाठलं. म्हटलं, उद्या शनिवार, तू जाऊन बस त्याच्याबरोबर, दोघांत मिळून एक तरी हरीण आणा. बाचो डोकं खाजवायला लागला.

"एक विचारू का? हल्ली तो कुणाला बरोबर घेऊन बसतो का?"

"कुणाला घेणार? तो कुणाला घेतो का कधी?"

"नाही, माझ्या शेतापर्यंत बोलणं ऐकू येतं. परवा मला वाटलं, पाद्री आलाय की काय त्याच्याकडे."

"दामासो आणि बोलणं?" मी म्हटलं. "बाचो, कान साफ कर आधी. आणि यायचं नसेल तर सरळ नाही म्हण, असली कारणं काढू नकोस."

मग मीच जायचं ठरवलं. दुसरं कोण होतं?

"बायका दबा धरत नाहीत," शनिवारी दुपारी दामासो म्हणाला.

"का?"

"बोलतात."

मी तवा आपटला. सकाळपासून मी साबणाला हात लावला नव्हता, कांदा चिरला नव्हता, केस नुसत्या पाण्यानं धुतले होते. त्यानं मला वरून खालून बघितलं, माझा पांढरा भरतकामाचा झगा काढायला लावला आणि आपला मळका, धुरकट शर्ट दिला. त्या शर्टाला तीन पिढ्यांचा वास होता. तसल्या अवतारात मी गावातून चालत गेले. बाचोची बायको कुंपणावरून बघून खो खो हसली.

शेताच्या पूर्वेच्या कडेला, जिथे घेवड्याचे वेल मक्यावर चढलेत, तिथे त्याची जागा आहे. कमरेएवढ्या उंचीचं दगडांचं कडं, वर तोडलेल्या फांद्या. आत दोघं जेमतेम बसतील. खाली त्याच्या बुडाचा खळगा पडलाय, वर्षानुवर्षांचा. त्यानं मला डाव्या बाजूला बसवलं, स्वतः गुडघ्यावर बंदूक आडवी ठेवली, दोन फांद्या ओढून घेतल्या आणि गेला. म्हणजे तिथेच होता, पण गेला. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली, पण त्याचं हे जाणं इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. छाती हलताना दिसेना. एक फुलपाखरू येऊन त्याच्या टोपीच्या कडेवर बसलं.

आणि माझे हाल काय सांगू. पाचव्या मिनिटाला गुडघा ठणकायला लागला. मग नाकाच्या शेंड्याला खाज. मग मुंग्या. त्या चढल्या, पण उतरायचं नाव घेईनात. मला घरातली सगळी कामं एकदम आठवली. मका भिजत घातलाय का, टर्की आत कोंडल्या का. जन्मात कधी मला इतकं बोलावंसं वाटलं नव्हतं. पण मी जीभ दातांत धरली. रविवार डोळ्यांसमोर होता. ऊन उतरलं. समोरच्या झाडीत पान वाजलं.

तेव्हा कुणीतरी बोललं.

मला वाटलं, बाचो आला. मी डोळे फिरवून बघितलं, कुणी नाही. आवाज माझ्या उजव्या कानाशी होता. दामासोचे ओठ हलत होते. बाकी सगळा दगड, फक्त ओठ हलतायत, आणि त्यातून आवाज निघतोय. पुटपुट नव्हे. आपण अंगणातून शेजारणीशी बोलतो तसा, स्वच्छ.

"मी आलोय," तो म्हणत होता. "दामासो. रोजचाच. तू ऐकतोयस ना?"

झाडीतलं पान पुन्हा वाजलं, मग फुस्स झालं, आणि पांढरी शेपटी उडत गेली. दामासोनं ती बघितली. खांदे जरा पडले. आणि बोलणं चालूच.

"दामासो!" मी कुजबुजले. काही नाही. "दामासो!" जरा मोठ्यानं. तो समोर बघतोय. मग मी चक्क नेहमीच्या आवाजात त्याच्या कानाशी म्हटलं, "दामासो, तू गाढव आहेस." टोपीवरचं फुलपाखरू उडालं. तो हलला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकेचाळीस वर्षं या माणसानं माझं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यामुळे खरंच ऐकू येईनासं कधी झालं, ते मला कळलंच नाही. मी आपली चिडायची, ओरडायची, कोयता हिसकावून घ्यायची. तो दरवेळी दबा धरण्याआधी मनात राखणदाराला हाक मारतो, हे मला माहीत होतं. आता ती मनातली हाक तोंडातून बाहेर पडत होती आणि त्याला बिचाऱ्याला वाटत होतं की सगळं शांत आहे. पाच महिने हरणं काय राखणदाराच्या रागानं पळत होती? ती ह्याच्या भाषणाला पळत होती.

मला हसू यायला लागलं. शर्टाची बाही तोंडात कोंबली. पण पुढे तो जे बोलला त्यानं हसू तिथल्या तिथे विरलं.

"हाडांचं तुला माहीत आहे आणि मला," तो म्हणाला. "पिशवी माझ्याच खुंटीला होती. मी झोळीत पडलो होतो, पोट तट्ट भरलेलं. कुत्रीनं उडी मारून पिशवी ओढली, ती मी बघितली. नुसतं हट् म्हटलं असतं तरी पळाली असती. पण मी उठलो नाही. म्हटलं, कोण हलतंय आता. पोरीनं काही केलं नाही. तिचं पोट एवढं आलेलं. तिच्या नावावर धरू नकोस. तिच्या लेकीच्या नावावर तर नकोच नको. माझ्या नावावर धर."

म्हणजे त्याला माहीत होतं! सगळं माहीत होतं. कुत्रीनं पिशवी ओढली तेव्हा हा उघड्या डोळ्यांनी बघत पडला होता. मेलेल्यांच्या ताटापुढे, माझ्या सासूच्या आत्म्यासमोर, लेकी-जावयांसमोर त्या पोरीवर आळ घातला, आणि इथे दगडांआड येऊन रोज कबुली देत होता, तीही शेतभर ऐकू जाईल अशी! माझ्या तोंडाशी एवढ्या शिव्या आल्या की काय सांगू. आणि ओरडायची सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे त्याला बोलायला खरं कारण होतं, आणि मी जमिनीवर बसून गप्प.

तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "पिशवी माझ्याच खुंटीला होती..."

माझ्यानं राहवेना. मी हात उचलला आणि त्याच्या तोंडावर दाबून धरला. शिकारीसाठी नव्हे, रागानं. तळहाताखाली त्याचे ओठ हलतच होते. त्यानं डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं, हे काय आता, अशा नजरेनं. मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. ओठ एकदा हलले, थांबले. पुन्हा मुद्दाम हलवून बघितले, आणि आपला हात आपल्या गळ्यावर ठेवला. आवाज गळ्यात थरथरतो, तो त्याच्या बोटांना लागला असणार. त्याचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. चाळीस वर्षं मुरलेला शिकारी, आणि नजर अशी की अंगणात सगळ्यांसमोर त्याची विजार सुटलीय.

आम्ही तसेच बसलो. माझा हात त्याच्या तोंडावर, त्याचा हात गळ्यावर. किती वेळ, कुणास ठाऊक. गुडघा दुखायचा थांबला होता की माझंच लक्ष नव्हतं, कोण जाणे. पहिल्यांदाच त्या जागेवर खरोखर शांत झालं.

आणि हरीण आलं. मादी, भरलेली, घेवड्याच्या वेलांत सरळ पंधरा पावलांवर. तिनं पाला तोडला, चावला, कान फिरवले आणि पुन्हा पाला तोडला. मी हनुवटीनं दाखवलं. दामासोनं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. बंदूक त्याच्या गुडघ्यावर होती, नुसती उचलायची. मी डोळे मोठे केले, भुवया उडवल्या, डोळ्यांनी जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. तो माझ्याकडेच बघत राहिला. हरणीनं पोटभर खाल्लं आणि सावकाश चालत निघून गेली.

मी हात काढला आणि एवढ्या वेळचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. "अरे मेल्या! पाच महिने! पाच महिने त्या एका हरणासाठी घराची राख केलीस, आणि ते समोर येऊन जेवून गेलं! हात मोडले होते का?"

मी त्याच्या तोंडासमोर ओरडत होते, त्यामुळे ते त्याला ऐकू आलं.

"तुला इतकी गप्प कधी बघितली नव्हती," तो म्हणाला. "बघत बसलो."

मी शर्टातल्या मुंग्या झटकत बसले.

मग त्यानं विचारलं, "कधीपासून बोलतोय मी?"

"पाच महिने तरी."

"लांब जातं?"

"बाचोच्या शेतापर्यंत."

त्यानं बंदुकीच्या दस्त्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे बाचोनं हाडांचं ऐकलं."

"बाचोला वाटलं पाद्री आलाय. मी ऐकलं. सगळं ऐकलं, दामासो. आणि रागानं माझं रक्त उकळतंय."

त्यानं मान डोलावली. काडतूस काढलं, खिशात टाकलं, मला हात देऊन उठवलं. वाटेनं तो पुढे, मी मागे. गावाशी आलो तर घराकडे वळायच्या जागी तो देवळाकडे वळला. मला आधी वाटलं, सवयीनं चुकला. मग माझ्या लक्षात आलं. हरीण नव्हतं, काही नव्हतं, रिकाम्या हातानं निघाला होता.

नेल्बाच्या आईच्या दाराशी तो थांबला. दिवेलागण झाली होती, गल्लीतली माणसं खुर्च्या टाकून बाहेर बसली होती. बाचोची बायकोही होती, कुणाच्या तरी अंगणात. मी अजून त्या शर्टात.

"मी हळू बोललो तर गल्लीला ऐकू जाईल?" त्यानं मला विचारलं. तेही गल्लीला ऐकू गेलं.

"जाईल," मी त्याच्या समोर उभी राहून म्हटलं.

"मग बरंय."

नेल्बा दारात आली. हाताची घडी. दामासोनं टोपी काढली आणि आपल्या मते हळू आवाजात बोलला. "हाडं माझ्यामुळे गेली. पिशवी माझ्याकडे होती. कुत्री ओढताना मी बघितलं आणि उठलो नाही. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं ते खोटं होतं. चुकलं माझं." गल्लीतल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. शेवटच्या घरातला रेडिओही कुणीतरी बारीक केला.

नेल्बानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा दगड जरा सैल झाला, पण घडी सुटली नाही. पाच महिन्यांचा आळ होता, एवढ्यात कसा पुसणार? तेवढ्यात घरात पोर उठली. नेल्बाची आई तिला घेऊन बाहेर आली आणि पाहुण्याला रिकामं उभं ठेवायचं नाही म्हणून, काय करावं न सुचून, तिनं पोर दामासोच्या हातात दिली.

त्यानं तिला आडवी धरली, आमच्या पद्धतीप्रमाणे, डोकं आपल्या कोपरात, तोंड आपल्या छातीकडे. आणि पोरीनं जो टाहो फोडला! बेंबीच्या देठापासून. कुत्री भुंकायला लागली. दामासो स्थिर उभा होता, तसाच, एक बोट न हलवता, चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न बघितलेलं समाधान. त्यानं तिच्या केसांवरून मान वर केली आणि सगळ्या गल्लीला अभिमानानं सांगितलं,

"बघा कशी गप्प आहे. माझ्यावर गेलीय."

कुणी हसलं नाही. बाचोची बायकोसुद्धा नाही. नेल्बाची घडी सुटली. तिनं दामासोकडे बघितलं, मग किंचाळणाऱ्या पोरीकडे, मग माझ्याकडे, आणि मी काही सांगायची गरज उरली नाही.

ती आत गेली आणि पोरीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. "चला, आई," ती म्हणाली. मग दामासोच्या समोर जाऊन उभी राहिली, त्याला आपले ओठ दिसतील अशी, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ताता, घरी चला."